दहा लाख युरोंचे औषध

सतराव्या शतकात फ्रान्सहून क्वेबेकमध्ये आलेल्या वसाहतकऱ्यांचे वंशज कालांतराने सागने नदीच्या खोऱ्यात स्थायिक झाले. मूळ कुटुंबे थोडीच होती. त्यामुळे जो आनुवंशिक रोग इतरत्र दहा लाखांत एखाद्यालाच जडावा, तो या खोऱ्यात पुष्कळ अधिक आढळतो. रक्तातील स्निग्धांशाचे विघटन करणारे लायपोप्रोटीन लायपेज हे द्रव्य अशा रोग्यांच्या शरीरात नीट तयार होत नाही. रक्त दुधासारखे पांढुरके दिसते, स्वादुपिंडाचा दाह होऊन असह्य वेदना होतात व प्रसंगी प्राणावर बेतते. स्निग्ध पदार्थ जन्मभर जवळजवळ वर्ज्य करणे, एवढेच पथ्य पूर्वी वैद्यांच्या हाती होते.

व्हँकुव्हर येथील शास्त्रज्ञ मायकेल हेडन आणि डच वैद्य जॉन कास्टेलीन यांनी या रोगाच्या मुळाशी असलेल्या जनुकाचा अभ्यास केला. निर्दोष जनुक निरुपद्रवी विषाणूच्या द्वारे पायांच्या स्नायूंत पोहोचवावे, ही कल्पना पुढे ॲम्स्टरडॅम येथे मूर्त स्वरूपास आली. औषधाचे नाव ग्लायबेरा. युरोपीय नियामकांनी ते आधी नाकारले. अखेर ऑक्टोबर २०१२ मध्ये त्यास अनुमती मिळाली. पाश्चात्त्य जगात विक्रीस परवानगी मिळालेला हा पहिला जनुकोपचार होय.

परंतु किंमत ठरली सुमारे दहा लाख युरो! उत्पादकांचा युक्तिवाद असा, की औषध एकदाच द्यावयाचे, रोगी मोजकेच; मग संशोधनाचा अवाढव्य खर्च भरून निघावा कसा? यात तथ्य नव्हते असे नाही. तथापि परिणाम किती काळ टिकेल याविषयी शंका होती, आणि खर्च उचलणाऱ्या संस्था कचरत होत्या. २०१५ साली बर्लिनमधील एका रुग्ण स्त्रीला ते मिळाले. तिच्या विमा संस्थेने पैसे भरले. पूर्ण किमतीचा असा दुसरा ग्राहक मिळालाच नाही. २०१७ च्या ऑक्टोबरात परवाना संपला व तो पुन्हा घेण्यात आला नाही. शिल्लक राहिलेल्या तीन मात्रा प्रत्येकी एक युरो घेऊन तीन रोग्यांना देण्यात आल्या. जे औषध काल दहा लाखांचे होते, तेच आज एका युरोचे झाले! किंमत आणि मोल यांतील अंतर याहून स्पष्ट कोण दाखवील?

पुढे २०१९ साली पाठीच्या मज्जारज्जूशी निगडित स्नायुक्षयावरील झोलजेन्स्मा अमेरिकेत सव्वाएकवीस लाख डॉलरला, तर २०२२ साली रक्तस्राव्यांसाठीचे हेमजेनिक्स पस्तीस लाख डॉलरला विक्रीस आले. प्रश्न एका औषधाबरोबर संपला नाही.

ग्लायबेराच्या चाचण्यांसाठी ज्यांनी आपल्या पायांत सुया टोचून घेतल्या, त्यांत क्वेबेकची माणसेही होती. त्यांच्या देशात मात्र ते औषध कधीच विक्रीस आले नाही. विज्ञानाने दार उघडले. उंबरठा कोणी ओलांडावा, हे मात्र पैशानेच ठरविले.