आईची संमती

यंदाच्या स्मरणिकेसाठी “काहीतरी इतिहासाचे लिहा” असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला. मी काही इतिहासकार नव्हे. परंतु २०१७ च्या मार्चमध्ये ब्रह्मदेशात जे पाहिले, त्यामागे अडीच हजार वर्षांची एक हकीकत आहे. तीच आपणा भगिनींना सांगते.

मंडाले म्हटले की आपल्याला लोकमान्यांचा तुरुंगवास आठवतो, आणि रत्नागिरीकरांना तेथून आणलेला थिबा राजा. मीही तेच मनात घेऊन गेले होते. पण महामुनी मंदिरापाशी एका मिरवणुकीत अडकले. घोड्यांवर आठ-दहा वर्षांची मुले, अंगावर जरीचे कपडे, मस्तकी मुकुट, ओठ रंगवलेले, वर सोनेरी छत्र! मला वाटले, बालविवाह की काय! पण तो होता शिन्ब्यू, म्हणजे मुलांना श्रामणेर करण्याचा विधी. सिद्धार्थ राजपुत्र होता, म्हणून शेतकऱ्याचा मुलगाही त्या दिवशी राजपुत्र होतो. ज्यांना खर्च झेपत नाही, त्यांची मुले दुसऱ्याच्या मिरवणुकीत घेतात.

या विधीचे मूळ राहुलाच्या कथेत आहे. विनयपिटकातील महावग्गात ती येते. बुद्ध कपिलवस्तूला आले, तेव्हा राहुलमातेने मुलाला सांगितले, ते तुझे वडील, जा आणि आपला वारसा माग. पोर मागे मागे गेले. बुद्धांनी सारिपुत्ताला सांगून त्याला प्रव्रज्या दिली. वारसा मिळाला तो हा! आजोबा शुद्धोदन कळवळले. मुलगा गेला, नंद गेला, आता नातूही. पुत्राची माया कातडी भेदून, मांस-हाड भेदून मज्जेपर्यंत पोचते, असे सांगून त्यांनी मागणे केले की, आईबापांच्या संमतीवाचून कोणाच्याही मुलाला प्रव्रज्या देऊ नये. बुद्धांनी तसा नियम केला. तो आजही पाळला जातो. त्या ठिकाणी राहुलमाता पुढे काय म्हणाली, याचा उल्लेख नाही. पण नियमात बापाबरोबर आईचीही संमती आली, हे मला फार मोठे वाटते.

वयाचाही नियम आहे. पंधराच्या आत घेऊ नये; मात्र रोगराईत घरचे सारे गेलेल्या दोन पोरक्या मुलांपायी त्याला सूट मिळाली. मूल कावळे हाकण्याइतके झाले असेल तर घ्यावे! पूर्ण भिक्षू होणे विसाव्या वर्षापुढेच.

विहारात मुलांचे मुकुट उतरले. न्हाव्याचे काम एका भिक्षूने केले. केस भुईवर पडू नयेत म्हणून आईबाप पांढरे वस्त्र धरून बसले होते. मग चीवर, भिक्षापात्र, दहा शीले. आणि त्यानंतर आईने आपल्याच मुलापुढे कपाळ टेकले! आपल्याकडे ज्या घरांत मुंज होते, तेथे मुलगा मातृभोजनाला आईबरोबर जेवतो आणि पुढे पहिली भिक्षा तिच्याकडेच मागतो. पण आई त्याच्या पाया पडत नाही. माझे तर डोळे भरून आले.

हे परके मानण्याचे कारण नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना दीक्षा देणारे महास्थविर चंद्रमणी मूळचे ब्रह्मदेशातलेच, आराकानचे. आणि आज महाराष्ट्रातही श्रामणेर शिबिरे भरतात.

आता मुलींचे. त्याच मांडवात सोन्याच्या सुईने त्यांचे कान टोचतात. बहीण राजकन्येसारखी सजते, थोडी रडते, आणि तिचा सोहळा तेथेच संपतो. महाप्रजापती गौतमीने केस कापून, वैशालीपर्यंत पायी जाऊन भिक्षुणीसंघ मिळविला; पण थेरवादी देशांत ती परंपरा काही शतकांपूर्वी खंडित झाली. १९९६ साली सारनाथला सिंहली स्त्रियांना उपसंपदा मिळाली, तरी ब्रह्मी संघाने ती वाट मान्य केली नाही. तेथे गुलाबी वस्त्रांतील थिलाशिन आहेत. त्या शीले पाळतात, पाली शिकतात, परीक्षा देतात. भिक्षुणी मात्र म्हणवीत नाहीत. हे मला खटकले, आणि खटकते.

मांडवात माझ्या शेजारी बसलेल्या एका आईला मी दुभाषी मुलीकरवी विचारले, “मुलगा किती दिवस राहणार?” “नऊ दिवस,” ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, “दुपारनंतर खायचे नाही. रात्री भूक लागली तर तो सांगेल कोणाला?”

दुसऱ्या दिवशी पहाटे मी मुद्दाम त्या गल्लीत गेले. अनवाणी, लहान लहान श्रामणेरांची ओळ आली. ती आई भाताचे भांडे घेऊन दारात उभी होती. मुलाच्या पात्रात तिने भात घातला, वर मासळीचा तुकडा ठेवला. त्याने मान वर केली नाही. तो पुढच्या दाराकडे वळला, तोवर तिचा हात मागच्या मुलाच्या पात्रात भात घालीत होता.