नवख्या घोड्यांची शर्यत

शर्यतीत धावते जनावर आणि ईर्ष्या असते माणसाची. हुबळी-धारवाडच्या परिसरात ज्यांनी बैलांच्या शर्यती पाहिल्या आहेत, त्यांस हे निराळे सांगावयास नको. या ईर्ष्येस मर्यादा कोणी घालावी हा प्रश्न जुनाच आहे, आणि त्याचा विचार करताना इंग्लंडातील 'नॅशनल हंट चेस' या वार्षिक शर्यतीचा इतिहास मोठा उद्बोधक ठरतो.

अडथळ्यांवरून घोडे उडविण्याच्या या खेळास 'स्टीपलचेस' म्हणतात. स्टीपल म्हणजे चर्चचा उंच मनोरा. आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात १७५२ साली दोघा गृहस्थांनी बटव्हंटच्या मनोऱ्यापासून डोनरेलच्या मनोऱ्यापर्यंत, वाटेतील कुंपणे व ओढे ओलांडीत, घोडे पिटाळले. त्यावरून हे नाव पडले असे सांगतात.

१८३९ पासून लिव्हरपूलजवळच्या ग्रँड नॅशनल शर्यतीने या खेळास कीर्ती मिळवून दिली. परंतु कीर्ती मिळते ती नामांकित घोड्यांस. शेतकऱ्यांनी दमदार शिकारी घोडे निपजवावेत, या हेतूने १८६० साली मार्केट हारबरो येथे निराळीच शर्यत भरली. पूर्वी कधीही न जिंकलेला घोडा आणि हौशी स्वार, हा तिचा दंडक होता. अनेक गावे फिरून १९११ पासून ती चेल्टनहॅमला स्थिरावली. एके काळी ग्रँड नॅशनलच्या खालोखाल तिचाच मान होता.

तथापि या मानातच एक विसंगती दडलेली होती. घोडा नवखा, स्वार हौशी, आणि अंतर मात्र चार मैलांचे! २०१९ साली निघालेल्या अठरा घोड्यांपैकी चारच शेवटास पोहोचले आणि एक प्राणास मुकला. थकलेले घोडे पुढे दामटल्याबद्दल पंचांनी काही स्वारांस निलंबित केले. त्या शिक्षांवरून वादही माजला. पुढल्याच वर्षी अंतर सुमारे चारशे मीटरने घटविण्यात आले. २०२५ पासून व्यावसायिक स्वारांनाही प्रवेश मिळाला. हौशी स्वारांचा दीडशे वर्षांहून जुना मान गेला याची खंत बाळगणारे आहेत, आणि ती खंत खोटी नव्हे. पण जी परंपरा जनावराच्या जिवावर चालते, तिला वयाचा आधार पुरत नाही.

आपल्याकडेही हाच झगडा झाला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींस मनाई केली. त्यानंतर कर्नाटक व महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्त्या केल्या आणि २०२३ साली न्यायालयाने त्या मान्य केल्या. शर्यती वाचल्या, त्या अटींसह. त्या अटी पाळल्या जातात की नाही हे मुके जनावर कोर्टात जाऊन सांगणार नाही. ते पाहण्याचे काम शर्यतीस जमलेल्या आपणा सर्वांचे आहे.