सोचीच्या निकालपत्रांतला आयओपी

रशियातल्या सोची इथल्या 2014 च्या हिवाळी ऑलिम्पिकची तीन निकालपत्रं शेजारी ठेवून वाचावीत. पुरुषांची ल्यूज, म्हणजे बर्फाच्या वळणदार मार्गावरून उताणं झोपून घसरगाडी हाकण्याची शर्यत, 8 आणि 9 फेब्रुवारीला झाली. त्यात शिवा केशवन 37 वा. नावापुढे देश नाही. ‘आयओपी’, स्वतंत्र ऑलिम्पिक सहभागी, अशी खूण आहे. 14 फेब्रुवारीच्या 15 किलोमीटर स्कीइंगमध्ये नदीम इक्बाल 85 वा आणि 19 तारखेच्या जायंट स्लॅलममध्ये हिमांशू ठाकूर 72 वा. या दोघांपुढे मात्र ‘भारत’. एकच पथक, एकच स्पर्धा आणि ओळखी दोन!

उलगडा आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या लोझान इथल्या कागदांत आहे. 4 डिसेंबर 2012 रोजी या समितीने भारतीय ऑलिम्पिक संघटना निलंबित केली. हे निलंबन भ्रष्टाचारामुळे झालं, अशी सर्वसाधारण समजूत. समितीने त्या दिवशी दिलेलं कारण वेगळं होतं: निवडणूक प्रक्रियेतला सरकारी हस्तक्षेप आणि ऑलिम्पिक सनदेचा भंग. दुसऱ्याच दिवशी, 5 डिसेंबरला, संघटनेने तरीही निवडणूक उरकली. त्यात सरचिटणीस झाले ललित भानोत, राष्ट्रकुल स्पर्धेतल्या भ्रष्टाचाराच्या प्रकरणात तुरुंगवास भोगून जामिनावर सुटलेले. आरोपपत्र असलेल्यांना निवडणूक लढवता येऊ नये, ही समितीची अट 2013 मध्ये ठळक झाली. म्हणजे लोकांची समजूत खोटी नाही. पहिल्या दिवशीच्या कागदात ती नाही, इतकंच.

राष्ट्रकुल प्रकरणाचा धागा पुण्यापर्यंत येतो. 1996 पासून संघटनेचे अध्यक्ष असलेले पुण्याचे खासदार सुरेश कलमाडी यांना 25 एप्रिल 2011 रोजी सीबीआयने अटक केली होती. 2012 च्या निवडणुकीत ते उमेदवार नव्हते, त्यामुळे निलंबन थेट त्यांच्या माथी मारणं कागदांना धरून होणार नाही. पुढे एप्रिल 2025 मध्ये ईडीचा प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिल्लीच्या न्यायालयाने स्वीकारला, हीही नोंद त्याच फाइलमध्ये लावायला हवी.

समितीच्या अटीप्रमाणे संघटनेने घटनादुरुस्ती केली 8 डिसेंबर 2013 रोजी. फेरनिवडणूक मात्र झाली 9 फेब्रुवारी 2014 ला, सोचीच्या उद्घाटनानंतर दोन दिवसांनी. एन. रामचंद्रन अध्यक्ष झाले आणि 11 तारखेला निलंबन उठलं. स्पर्धा चालू असताना निलंबन उठण्याची ती पहिलीच वेळ. केशवनची शेवटची फेरी त्याच 9 तारखेची. निवडणूक एक आठवडा आधी घेतली असती तर त्याच्या नावापुढेही ‘भारत’ लागलं असतं. हे माझं अनुमान, पण तारखाच तिकडे बोट दाखवतात. या तिघांपैकी कोणाच्याही हातून काहीच गैर घडलेलं नव्हतं, आणि याची चीड हा मजकूर लिहितानाही येते.

त्याच दिवसांत, त्याच गावात दुसरी एक फाइल तयार होत होती. सोचीच्या उत्तेजक चाचणी प्रयोगशाळेत 125 आणि 124 क्रमांकाच्या खोल्यांमधल्या भिंतीला छिद्र होतं. रात्री नमुन्यांच्या बाटल्या त्यातून पलीकडे जात आणि आतली लघवी बदलून परत येत, असं या प्रकरणाची चौकशी करणाऱ्या रिचर्ड मॅक्लारेन यांचा 18 जुलै 2016 चा अहवाल सांगतो. त्याचा मुख्य साक्षीदार म्हणजे प्रयोगशाळेचाच संचालक ग्रिगोरी रॉदचेन्कोव्ह. स्वतः गुंतलेल्या माणसाची साक्ष जपूनच वापरावी लागते. म्हणून झाकणांच्या आतले ओरखडे आणि काही नमुन्यांत मानवी शरीरात असूच शकणार नाही एवढं मीठ, हे दोन पुरावे मला अधिक वजनदार वाटतात. बाटलीला खोटं बोलण्याचं कारण नसतं.

याच प्रकरणावरून 5 डिसेंबर 2017 रोजी रशियाची ऑलिम्पिक समिती निलंबित झाली. प्योंगचँग 2018 मध्ये रशियाचे 168 खेळाडू ‘ओएआर’, रशियातील ऑलिम्पिक खेळाडू, या नावाने ऑलिम्पिक ध्वजाखाली उतरले. त्याआधी 1 फेब्रुवारीला क्रीडा लवादाने, सोचीतले निकाल रद्द होऊन आजीवन बंदी आलेल्या 39 रशियन खेळाडूंच्या अपिलांचा निकाल दिला होता. त्यातल्या 28 जणांविरुद्धचा पुरावा अपुरा ठरला. बाकी 11 जणांचे सोचीतले निकाल रद्दच राहिले आणि आजीवन बंदी मात्र प्योंगचँगपुरती झाली. व्यवस्था दोषी होती हे सिद्ध होतं, पण अमुक एका खेळाडूची बाटली बदलली हे प्रत्येक वेळी स्वतंत्रपणे सिद्ध करावं लागतं. लवादाने हा फरक पाळला, ते योग्यच झालं. ते 28 जण निर्दोष ठरले असा मात्र त्याचा अर्थ नाही, हेही लवादाने तेव्हाच स्पष्ट केलं.

‘आयओपी’ आणि ‘ओएआर’ निकालपत्रात सारख्याच दिसतात. पहिलीमागे पदाधिकाऱ्यांची बेफिकिरी होती, तर दुसरीमागे रात्री चालणारी प्रयोगशाळा. केशवनच्या त्या 37 व्या क्रमांकाचा उल्लेख जिथे कुठे कराल, तिथे निलंबनाचं कारणही लिहा. नाहीतर उद्याचा वाचक त्याला उत्तेजकांच्या यादीत शोधेल.

प्योंगचँगमध्ये ‘ओएआर’ पथकातले दोन खेळाडू उत्तेजक चाचणीत सापडले आणि त्यांपैकी एकाचं कर्लिंगमधलं कांस्यपदक काढून नॉर्वेला दिलं गेलं. स्पर्धा संपली 25 फेब्रुवारी 2018 ला. रशियाच्या समितीवरचं निलंबन 28 फेब्रुवारीला उठलं.