यंत्राची झोप

लॅपटॉपवर पत्र टंकणाऱ्या माणसाच्या एका अक्षरानंतर दुसरे अक्षर उमटेपर्यंत सेकंदाचा पाचवा भाग सहज निघून जातो. माणसाच्या लेखी हा अवकाश नगण्य होय. परंतु सेकंदाला १०० कोटी ठोके मोजणाऱ्या प्रोसेसरचे तेवढ्यात २० कोटी ठोके पडून जातात. ह्या रिकाम्या वेळात प्रोसेसरने करावे तरी काय? बॅटरी दोन तासांत संपणार की दिवसभर पुरणार, हे बऱ्याच अंशी ह्या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते. आणि ते उत्तर हाती येण्यास सुमारे तीस वर्षे लागली.

१९७८ सालच्या इंटेल ८०८६ ह्या प्रोसेसरलाही ‘थांब’ ही आज्ञा ठाऊक होती. ती मिळताच तो पुढच्या आज्ञा वाचणे सोडून देई. मात्र त्याच्या घड्याळाचे ठोके चालूच राहत. बैल उभा राहिला, पण मानेवरचे जू उतरले नाही, असा तो प्रकार होता. पुष्कळदा तर ही आज्ञाही दिली जात नसे. काम नसले की त्याच त्या चार आज्ञांभोवती प्रोसेसर घाण्याच्या बैलासारखा फिरत राही. १९९५ सालच्या विंडोज ९५ मध्येही हीच रीत राहिली. कारण ‘थांब’ म्हणताच काही लॅपटॉप असे थिजत, की पुन्हा हलतच नसत.

तत्पूर्वी, ऑक्टोबर १९९० मध्ये, इंटेलने खास लॅपटॉपसाठी ३८६ एसएल हा प्रोसेसर काढला होता. त्याचे घड्याळच मंद करता येई, थांबविताही येई. तथापि विश्रांतीची वेळ पुष्कळशी ‘बायॉस’ हा यंत्राचा मूळ कार्यक्रम ठरवी, आणि कोणते काम खोळंबले आहे ह्याची त्याला नीटशी कल्पना नसे. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा ह्यांनी ‘एसीपीआय’ ही नियमावली प्रसिद्ध केली. कामांची यादी जिच्यापाशी असते त्या कार्यप्रणालीकडे हा अधिकार आला, आणि डुलकीपासून गाढ निद्रेपर्यंत झोपेच्या पायऱ्या ठरल्या.

पुढे ट्रान्झिस्टर जसजसे सूक्ष्म होत गेले, तसतसे नवे संकट उभे राहिले. बंद केलेल्या नळातून पाणी ठिबकत राहावे त्याप्रमाणे, घड्याळ थांबविले तरी वीज झिरपू लागली. त्यावर विजेचा दाबच काढून घेणे हा उपाय होता. २००८ साली इंटेलच्या लॅपटॉप-प्रोसेसरांत तशी सोय झाली. निजण्यापूर्वी प्रोसेसर हातातील आकडे एका लहानशा स्वतंत्र स्मृतिकोशात ठेवी, आणि मग त्याचा दाब जवळजवळ शून्यावर आणला जाई.

परंतु झोप जितकी गाढ, तितका जागे होण्यास वेळही अधिक आणि वीजही अधिक. क्षणोक्षणी उठावे लागणाऱ्यास गाढ झोपेचा लाभ कोठून? ‘काही काम आहे काय?’ हे पाहण्यासाठी कार्यप्रणाली प्रोसेसरला ठराविक अंतराने हाक मारी. लिनक्समध्ये ही हाक सेकंदाला १०० पासून १००० वेळांपर्यंत जाई. एप्रिल २००७ मधील लिनक्सच्या २.६.२१ ह्या आवृत्तीत रिकाम्या वेळची ही नियमित हाक बंद करण्याची सोय झाली. त्याच वर्षी इंटेलने ‘पॉवरटॉप’ हे साधन प्रसिद्ध केले. कोणता कार्यक्रम किती वेळा झोपमोड करतो, हे ते नावानिशी दाखवी.

स्वस्थ दिसणारा लॅपटॉप विनाकारण तापू लागला, तर नवी बॅटरी आणण्यापूर्वी एवढे अवश्य पाहावे, की पडद्याआड त्याला वारंवार कोण उठवीत आहे.