माफीपत्राची कुळकथा

१५१७ साली मार्टिन ल्यूथरने ज्या पत्रांवरून रान उठवलं, ती पाप धुऊन टाकणारी पत्रं होती असं आपल्याकडे सर्रास लिहिलं जातं. ते पुरतं खरं नाही. पापाची क्षमा धर्मगुरूपुढे कबुली दिल्यावर मिळे आणि ती देवाची कृपाच मानली जाई. मागे उरे ते प्रायश्चित्त: उपास, तीर्थयात्रा, कधी वर्षानुवर्षांची. माफी होती ती या शिक्षेत.

ती आधी पायपिटीने मिळायची. १०९५ मध्ये क्लेर्मोंच्या परिषदेत दुसऱ्या अर्बन पोपने ठरवून दिलं, की मानासाठी वा पैशासाठी नव्हे, निव्वळ भक्तीने जो जेरुसलेम सोडवायला निघेल, त्याची ती वाटचाल हेच त्याचं सगळं प्रायश्चित्त. पुढे स्वतः न जाता वाटखर्च देणाऱ्यांनाही ही सवलत मिळाली. मग न केलेल्या प्रायश्चित्ताची तूट भरते कुठून? ख्रिस्ताच्या आणि संतांच्या पुण्याच्या खजिन्यातून, असं सहाव्या क्लेमेंट पोपने १३४३ मध्ये सांगितलं. १४७६ पासून तर मेलेल्या आप्तांसाठीही माफी घेता येऊ लागली.

१४५४ चं माफीपत्र मात्र निरखून पाहावं. मायन्त्समध्ये गुटेनबर्गचं बायबल अजून पुरं व्हायचं होतं, त्या काळातलं हे छापील एकपानी चर्मपत्र. आदल्या वर्षी कॉन्स्टँटिनोपल पडलेलं, आणि तुर्कांपासून सायप्रस राखायला पैसा हवा होता. लॅटिन मजकुरात नाव आणि तारखेसाठी कोरी जागा. खाली क्षमेचे दोन ठरीव मजकूर: एक हयातीत वाचायचा, दुसरा मरणसमयी. नाव शाईने भरायचं. अर्जाचे छापील नमुने भरण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांना हा पूर्वज ओळखू यावा.

१५१५ मध्ये रोमच्या सेंट पीटर्ससाठी काढलेल्या माफीला दरपत्रकच होतं. राजे आणि बिशप यांना २५ सोन्याचे गुल्डन; कफल्लकांनी उपास-प्रार्थना करावी. आर्चबिशप आल्ब्रेख्तच्या जर्मन मुलुखातली निम्मी जमा त्याच्या कर्जापोटी फुगर सावकारांकडे जायची. विक्रेत्या टेट्झेलला विटेनबर्गच्या शासकाने हद्दीत येऊ दिलं नाही, म्हणून लोक शेजारच्या युटरबोगला जात. या शासकाला फार सोवळा समजू नये. त्याच्या चर्चमधल्या संतांच्या हजारो अवशेषांच्या दर्शनालाही माफी जोडलेली होतीच.

ल्यूथरचं म्हणणं असं, की खऱ्या पश्चात्तापाला पत्राविनाही पूर्ण माफी आहे, आणि गरिबाला देणं हे पत्र घेण्यापेक्षा बरं. म्हणजे सत्कर्म फुकाचं, असं तो म्हणत नव्हता. पण कृपा मिळते म्हणून माणूस चांगला वागतो, उलट नव्हे, हे त्याचं मत पुढे पक्कं होत गेलं. १५६७ मध्ये पाचव्या पायस पोपने पैशाच्या माफ्या रद्द केल्या. १९९९ मध्ये आउग्सबुर्गला कॅथलिक आणि लुथरन दोघांनी लिहून दिलं, की तारण केवळ कृपेने, आपल्या लायकीने नव्हे. सत्कर्मं त्यातून उगवतात.

माफी मात्र कॅथलिकांत अजून आहे. २०२५ च्या ज्युबिली वर्षात कबुली, कम्युनियन आणि प्रार्थनेच्या जोडीला आजाऱ्याला किंवा कैद्याला भेटणं चाले. आठवड्यातला एखादा दिवस समाजमाध्यमांचा उपास केलेलाही चाले.