विस्फारलेले डोळे, उघडे तोंड

चेहरा हा मनाचा आरसा आहे, असे आपण सहज म्हणून जातो. पण हा आरसा जगभर सर्वांना एकच प्रतिबिंब दाखवतो काय? या प्रश्नाचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास हा बव्हंशी प्रश्न कसा विचारला गेला, याचा इतिहास आहे.

चार्ल्स डार्विनने १८६७ साली दूरदेशींच्या मिशनऱ्यांना आणि इतर निरीक्षकांना सोळा छापील प्रश्न पाठवले. पहिलाच प्रश्न असा, की डोळे व तोंड सताड उघडून, भुवया उंचावून आश्चर्य व्यक्त होते काय? छत्तीस उत्तरे आली. प्रमुख भाव सर्व मानवसमूहांत सारखेच प्रकटतात, हा निष्कर्ष १८७२ च्या ग्रंथात त्याने मांडला. साऱ्या मानववंशांचे मूळ एक आहे, या मताला त्यातून बळ मिळाले; त्याचे मोल थोडे नाही. मात्र उत्तर प्रश्नातच दडलेले होते.

पुढे शतकभराने एकमन आणि फ्रीसन हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ न्यू गिनीतील फोरे लोकांकडे गेले. त्यांचे निष्कर्ष १९७१ साली प्रसिद्ध झाले. येथे प्रश्नाऐवजी गोष्ट होती. घरात एकटा माणूस, गावात कोणी नाही. जवळ सुरी नाही, कुऱ्हाड नाही, धनुष्यबाण नाही. आणि दारात रानडुक्कर. या माणसाचा चेहरा तीन छायाचित्रांतून ओळखायचा. बहुतेक भाव अपेक्षेप्रमाणे ओळखले गेले. पण भय आणि आश्चर्य यांत फोरे लोकांना भेद करता आला नाही.

२०१६ साली कार्लोस क्रिवेली व सहकाऱ्यांनी ट्रोब्रियंड बेटांवरील मुलांना असाच विस्फारलेल्या डोळ्यांचा, उघड्या तोंडाचा चेहरा दाखवला. माद्रिदच्या मुलांना त्यात भय दिसले होते. या मुलांना क्रोध आणि धमकी दिसली. आश्चर्य, भय की धमकी?

साहित्याच्या अभ्यासकाला येथे भरतमुनी आठवणारच. नाट्यशास्त्रात अनुभाव एकटा येत नाही. विभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगानेच रस निष्पन्न होतो. रानडुकराची गोष्ट हा विभावच होता. तो काढून घेतला, की उरतो नुसता चेहरा, आणि त्याचा अर्थ पाहणारा आपल्या पदरचा घालतो.

हा वाद केवळ पंडिती नाही. चेहऱ्यावरून भावना ओळखण्याचा दावा करणारी यंत्रे बाजारात आली आहेत. युरोपीय संघाने २०२४ च्या कायद्यान्वये काही अपवाद वगळता कामाच्या जागी व शिक्षणसंस्थांत त्यांना मनाई केली. संदर्भ सोडून वाचलेली ओळ फार तर चुकीची समीक्षा घडवते; संदर्भ सोडून वाचलेला चेहरा मात्र एखाद्या माणसावर अन्याय करू शकतो.