फेरीवाल्याची पेटी, टेट्रिसची धून

टेट्रिस जन्माला आला तेव्हा मुका होता. १९८४ साली मॉस्कोतल्या सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सेय पाझित्नोव्ह यांनी तो ‘एलेक्ट्रोनिका ६०’ या यंत्रावर लिहिला. त्या यंत्राला चित्रे काढता येत नसत. वरून पडणारे तुकडे कंसाची चिन्हे जोडून दाखवावे लागत. संगीताचा तर प्रश्नच नव्हता. आज मात्र टेट्रिसचे नाव निघाले की माणसे आधी धून गुणगुणायला लागतात. व्हिडिओ गेममधल्या आवडत्या संगीताची यादी कुणीही करो, ती धून तिच्यात असतेच. तिला सगळे ‘टेट्रिसचे म्युझिक’ म्हणतात, पण ती टेट्रिसपेक्षा खूप जुनी आहे.

तिचे मूळ ‘कोरोबेइनिकी’ या रशियन लोकगीतात आहे. कोरोबेइनिक म्हणजे पाठीवर सालीची किंवा लाकडाची पेटी घेऊन गावोगाव हिंडणारा फेरीवाला. कापड, रिबिनी, सुया, अंगठ्या, कधी स्वस्तातली पुस्तके असा त्याचा माल. आपल्याकडे कासार बांगड्यांची पेटी घेऊन दारात बसला की वाड्यातल्या बायका जशा गोळा व्हायच्या, तसेच या माणसाचे रशियन खेड्यांत होत असे. दुकान कोसभर दूर; त्यामुळे शहरातल्या नव्या वस्तू आणि नव्या बातम्या दोन्ही याच पेटीतून यायच्या.

या फेरीवाल्यांवर निकोलाय नेक्रासोव्ह या कवीने १८६१ साली दीर्घ कविता लिहिली. रशियातली भूदासप्रथा कायद्याने संपली तेच हे वर्ष. नेक्रासोव्ह हा नामांकित संपादक होता, ‘सोव्रेमेन्निक’ हे त्या काळातले वजनदार मासिक त्याच्या हातात होते, आणि कविता तिथेच छापून आली. पण मासिक वाचणारे लोक शहरातले, शिकलेले. ज्यांच्याबद्दल कविता लिहिली ते शेतकरी ती वाचणार कधी? म्हणून त्याने पुढच्याच वर्षी ती लाल मुखपृष्ठाच्या छोट्या पुस्तिकेत छापली, किंमत ठेवली तीन कोपेक, आणि ती खेड्यांत फेरीवाल्यांमार्फतच विकली जावी अशी योजना केली. फेरीवाल्यांची कविता फेरीवाल्यांच्याच पेटीतून घरोघर पोचावी, ही कल्पना मला या सगळ्या इतिहासात सर्वांत सुंदर वाटते. नेक्रासोव्हला शेतकरी हा नुसता विषय म्हणून नको होता, वाचक म्हणून हवा होता.

कविता मोठी आहे आणि तिचा शेवट भीषण आहे. म्हातारा तिखोनिच आणि तरुण वान्का असे दोन फेरीवाले माल विकून पैसे घेऊन परततात आणि जंगलात एक वनरक्षक दोघांना गोळ्या घालून लुटतो. लोकांनी मात्र गाण्यासाठी उचलला तो सुरुवातीचा भाग. पेटी मालाने गच्च भरलेली, आणि वान्का आपल्या कात्याला राय या धान्याच्या उंच शेतात भेटायला बोलावतो. रात्र पडते, ती येते, मालाचा भाव करते. तो सगळी पेटी तिच्यापुढे रिकामी करायला तयार असतो; ती एवढ्या मालातून फक्त एक फिरोज्याची अंगठी ठेवून घेते. गाण्यात घासाघीस आहे, लाडीगोडी आहे, शृंगार आहे आणि तो उघड न बोलता सांगितलेला आहे. रशियन गायक ते बहुतेक वेळा संथ उचलतात आणि कडव्यागणिक लय वाढवत नेतात. शेवटी टाळ्या आणि पाय दोन्ही थांबत नाहीत. याच चालीवर ‘कोरोबुश्का’ नावाचा जोडीनृत्याचा प्रकार बसला. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत गेलेल्या रशियन लोकांनी तो तिथे बसवला असे मानतात.

मग ही चाल खेळात शिरली कशी? रशियनांनी ती घातली नाही. टेट्रिस पश्चिमेत विकायला निघाला तेव्हा शीतयुद्ध संपलेले नव्हते आणि पोलादी पडद्यामागून आलेला खेळ हीच त्याची मोठी जाहिरात होती. अमेरिकेतल्या स्पेक्ट्रम होलोबाइट कंपनीने त्याला लाल खोके दिले, त्यावर मॉस्कोच्या सेंट बेसिल चर्चचे घुमट छापले, खेळाच्या मागे सोव्हिएत जीवनाची चित्रे लावली. याच कंपनीच्या मॅकिंटॉश आणि ॲपल टू जीएस या संगणकांसाठीच्या आवृत्त्यांत कोरोबेइनिकी पहिल्यांदा वाजले. म्हणजे टेट्रिसचा रशियन साज हा मॉस्कोचा नव्हे, कॅलिफोर्नियाचा. एरवी अशा विकाऊ साजाबद्दल मी कठोर बोललो असतो. इथे त्यांच्या हाताला जे गाणे लागले ते इतके अस्सल निघाले की तक्रारीला जागा उरत नाही.

तरीही त्या आवृत्त्यांवर थांबले असते तर हे गाणे आज जगाच्या तोंडी नसते. ते काम केले निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या हिरोकाझू तानाका यांनी. १९८९ च्या सुरुवातीला खेळांचे प्रकाशक हेन्क रॉजर्स मॉस्कोला जाऊन हातात धरायच्या यंत्रांसाठी टेट्रिसचे हक्क घेऊन आले, आणि अमेरिकेत गेम बॉय या निन्टेन्डोच्या तशाच यंत्राच्या खोक्यात टेट्रिसची कॅसेट सोबतच द्यायचे ठरले. तानाका १९८० पासून कंपनीत होते, ‘मेट्रॉइड’ या खेळाचे एकाकी, अंगावर येणारे संगीत त्यांचेच. टेट्रिससाठी त्यांनी निवडीला तीन धुनी ठेवल्या: ए, बी आणि सी. सी म्हणजे बाखच्या तिसऱ्या फ्रेंच सुइटमधला मिन्युएट. गंमत अशी की जपानमध्ये निघालेल्या अगदी पहिल्या आवृत्तीत ए या जागी मिन्युएट नावाची निराळीच धून होती. पुढच्या आवृत्तीत ती काढून तिथे कोरोबेइनिकी बसवले गेले. ही अदलाबदल झाली नसती तर हा लेख लिहायचे कारणच नव्हते.

तानाकांपुढे वाद्यमेळ किती होता ते पाहण्यासारखे आहे. गेम बॉयच्या चिपमध्ये आवाजाचे फक्त चार चॅनल. दोन चौकोनी लहरींचे, ज्यांचा स्वर धारदार, किंचित नाकातला येतो. तिसऱ्यात लहरीचा आकार आपण ठरवायचा, पण तोही ३२ बिंदूंत, आणि प्रत्येक बिंदूला उंचीच्या १६ च पायऱ्या. चौथा नुसत्या खरखरीचा. त्यातून तालवाद्याचा भास निर्माण करायचा. तुकडा फिरवल्याचा, ओळ नाहीशी झाल्याचा आवाजही याच चारांतून निघायचा. वर यंत्राला स्पीकर एकच आणि तो बोटाच्या पेराएवढा.

इतक्या तुटपुंज्या साधनात मंद्र सूर भरदार येत नाही, गळ्याची आस तर नाहीच. कोरोबेइनिकीला यातले काही लागत नाही. त्याची चाल छोट्या छोट्या, तुटक स्वरांची आहे. वरच्या पंचमावरून निघून षड्जावर उतरते, पुन्हा चढते, पुन्हा उतरते. ऐकताना वरून काहीतरी खाली येऊन जागेवर बसल्यासारखे वाटते. दुसऱ्या भागात स्वर लांबतात, दम घेतल्यासारखे होते, आणि मग धून पुन्हा पहिल्यापासून. शेवट कुठे झाला ते कळू नये अशी तिची बांधणी आहे, आणि दर दहा ओळींनी वेग वाढवत नेणाऱ्या, जिंकून कधीच न संपणाऱ्या खेळाला अशीच चाल हवी होती. बाखचा मिन्युएट रचना म्हणून श्रेष्ठ असेल, पण त्याला सभागृह लागते. हे गाणे मुळातच चालत्या माणसाचे आहे.

त्याच वर्षी निन्टेन्डोच्या टीव्हीला जोडायच्या यंत्रावरही टेट्रिस आला. त्यात चायकोव्हस्कीच्या ‘नटक्रॅकर’मधले साखरपरीचे नृत्य होते. तेही रशियनच, पण लोकांच्या ओठांवर राहिले ते फेरीवाल्याचे गाणे. गेम बॉयवरच्या टेट्रिसच्या साडेतीन कोटी कॅसेट विकल्या गेल्या. १९९२ मध्ये ‘डॉक्टर स्पिन’ या टोपणनावाने ब्रिटनमध्ये या धुनीचे नाचाचे गाणे निघाले आणि तिथल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत चढले. टोपणनावामागे ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’चे संगीतकार अँड्र्यू लॉइड वेबर होते, जोडीला नायजेल राइट. पुढे टेट्रिस कंपनीने व्हिडिओ गेममधल्या वापरापुरती ही धून ट्रेडमार्क म्हणून नोंदवून घेतली. गाणे लोकांचे, पण खेळात वाजवायचे तर आता कंपनीला विचारावे लागते.

आपल्याकडे गेम बॉय फार थोड्या घरांत पोचला. नव्वदच्या दशकात मुलांच्या हाती आला तो पेन्सिल सेलवर चालणारा ब्रिक गेम: तुकडे तेच, ओळी त्याच, आणि आवाज म्हणजे टीं-टीं. त्यामुळे आपल्यातल्या अनेकांना खेळ आधी भेटला आणि धून पुष्कळ वर्षांनी, मोबाइलवर.

गेम बॉयमध्ये टेट्रिस सुरू केला की पहिल्याच पडद्यावर हक्कदारांची नावे येतात: एलोर्ग ही सोव्हिएत सरकारी संस्था, रॉजर्स यांची बुलेट-प्रूफ सॉफ्टवेअर, निन्टेन्डो; मूळ कल्पना आणि रचना पाझित्नोव्ह यांची, असेही लिहिलेले असते. ते योग्यच आहे. तिथे तानाकांचे नाव नाही आणि नेक्रासोव्हचेही नाही. ही दोन नावे तिथे असायला हवी होती. तुम्हाला ही धून आवडत असेल तर एवढे करा: कोरोबेइनिकीचे एखाद्या रशियन गायकवृंदाने गायलेले, संथ सुरू होणारे ध्वनिमुद्रण शोधा आणि ते शेवटपर्यंत ऐका.